भुईचाफ्याला पाणी: कधी, किती आणि कधी अजिबात नाही (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

भुईचाफा म्हणजे नक्की कोणता? आमच्याकडे तीन जण तीन झाडं दाखवतात.

देवचाफा नाही, सोनचाफा नाही, कवठी चाफाही नाही. त्या सगळ्यांना खोड आहे, फांद्या आहेत. भुईचाफ्याचं फूल थेट जमिनीतून येतं. फाल्गुन-चैत्रात, कधी वैशाखापर्यंत, आजूबाजूला एक हिरवं पान नसताना कोरड्या मातीला चीर पडते आणि सकाळी तिथे फूल उघडलेलं असतं. वरच्या दोन पाकळ्या पांढऱ्या, खालच्या दोन जांभळ्या, आणि वास असा की वाकून बघावंच लागतं. पानं नंतर येतात, पावसाच्या तोंडावर. वरून हिरव्यावर फिकट-गडद नक्षी, उलटं केलं की वांगी रंग.

कूळ हळद-आल्याचं. शास्त्रीय नाव केंफेरिया रोटुंडा. लिनियसने १७५३ मध्ये दिलेलं हे नाव एंगेलबर्ट केंफर या जर्मन वैद्याच्या आठवणीतलं आहे. रोटुंडा म्हणजे लॅटिनमध्ये गोल. झाड एकदा उकरून बघितलंत तर गोल काय आहे ते लगेच कळेल, आणि पाण्याबद्दलचे निम्मे प्रश्नही तिथेच सुटतील.

उकरल्यावर दिसतं काय?

मधोमध छोटासा गड्डा, आल्याच्या तुकड्याएवढा. त्याला खाली जाड मुळं, आणि प्रत्येक मुळाच्या टोकाला सुपारीएवढा, कधी छोट्या बोराएवढा गोल कंद. चांगल्या वाढलेल्या एका झाडाला असे दहा-पंधरा मणी सहज लटकलेले असतात. एक मणी नखाने सोलून बघा. आत पांढरट, रसरशीत, पाण्याने भरलेला.

ही त्याची टाकी. पावसाळ्यात पानांनी जे कमावलं ते सगळं इथे साठतं. हिवाळाभर झाड यावर झोपतं आणि चैत्रात पान नसताना फूल काढतं तेही यातूनच. म्हणजे फुलाला लागणारं पाणी तुम्ही फेब्रुवारीत घालत नसता, ते मागच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच घालून झालेलं असतं. हे एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे.

जाता जाता: या मण्यांना डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, नसते. नुसता मणी लावून वर्षभर वाट बघणारे लोक मला माहीत आहेत. डोळा गड्ड्याला असतो.

हिवाळ्यात कुंडी रिकामी दिसते. थोडं थोडं पाणी घालत राहू का?

नको. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त भुईचाफे याच ‘थोडं थोडं’ने मेले आहेत. माझेही दोन गेले. आमच्याकडे रोजच्या झाडांना पाणी घालणाऱ्या मावशींना मीच सांगून ठेवलं होतं, ‘एकही कुंडी सोडू नका हं.’ त्यांनी सोडली नाही. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, रोज एक तांब्या. मार्चमध्ये फूल आलं नाही म्हणून मी माती उपसली तर आत मण्यांच्या नुसत्या साली होत्या, दाबल्यावर आंबूस वासाचं पाणी निघालं. चूक मावशींची नव्हतीच.

कारण साधं आहे. पान असतं तेव्हा झाड मुळांनी पाणी ओढतं आणि पानांवाटे हवेत सोडतं. पान गेलं की ओढणारं कोणी उरत नाही. घातलेलं पाणी मातीतच बसतं, थंडीत सुकतही नाही, आणि मातीतल्या बुरशीला आयती मेजवानी मिळते. हळद-आलं लावणारे शेतकरी याला कंदकूज म्हणतात. तेच इथेही.

म्हणून शेवटचं पान वाळून गळालं की पाणी तोडायचं. हळदीच्या शेतातही काढणीच्या आधी पाणी तोडतातच.

अजिबात म्हणजे अजिबात? कंद सुकून जाणार नाहीत?

जमिनीत लावला असेल तर अजिबात. दीड-दोन इंच खाली ओलावा आपोआप टिकतो, वर पाचोळा असेल तर आणखीच.

कुंडीत असेल तर तुमचं गाव कोणतं यावर अवलंबून आहे. पुणे, नाशिक, कोकण: डिसेंबर-जानेवारीत थेंबही नको. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापायला लागतं तेव्हा मातीच्या लहान कुंडीत महिन्यातून एकदा अर्धा पेला पाणी कडेकडेने फिरवलं तर चालतं. विदर्भात, जिथे मार्चमध्येच कुंडी हात लावू देत नाही, तिथे कुंडी सावलीत सरकवणं हा पाण्यापेक्षा चांगला उपाय. पाणी घालण्याआधी कुंडी हलवायचा विचार करा, असं मी सगळ्यांना सांगते.

जरा सुरकुतलेला मणी मेलेला नसतो. मऊ झालेला मेलेला असतो.

पाणी तोडायचं नेमकं कधी? पानं पिवळी व्हायला लागली की लगेच?

एकदम नाही. पिवळी पडायला लागलेली पानंही आत माल खाली पाठवत असतात.

माझं साधारण असं चालतं. हस्ताचा पाऊस (२७ सप्टेंबरच्या आसपास सुरू होतो) होईपर्यंत नेहमीसारखं पाणी. दसऱ्यानंतर पाण्याचा रोख कमी, म्हणजे दोन पाण्यांमधलं अंतर दुप्पट. दिवाळीच्या सुमारास पानांच्या कडा पिवळ्या होऊन ती आडवी पडायला लागतात, तेव्हा आठ-दहा दिवसांतून एकदा, तेही अर्धंच. सगळी पानं कागदासारखी झाली की बंद. पानं ओढून काढू नका. वाळली की बोटाने उचलली तरी हातात येतात. येत नसतील तर अजून काम चालू आहे असं समजा.

काही जण घाई करतात, पानं वाईट दिसतात म्हणून दसऱ्यालाच कात्री लावतात. पुढच्या चैत्रात फुलं दोन कमी येतात आणि मग ते माती बदलतात, खत बदलतात, कुंडी बदलतात.

मग पुन्हा पाणी सुरू कधी करायचं? फूल येण्याआधी की आल्यावर?

मतभेद आहेत. डाळिंब-मोसंबीवाले बहार धरतात तसं, म्हणजे ताण देऊन मग एक भरपूर पाणी दिलं की फूल लवकर निघतं, असं काही बागवान सांगतात आणि करतातही. मी करत नाही. फूल यायचं असेल तर ते उन्हाच्या चटक्याने येतंच, मातीला पाणी नसलं तरी. उलट गार फेब्रुवारीत भरपूर पाणी दिलं आणि ऊन वाढलंच नाही तर कंद ओल्या मातीत नुसते बसून राहतात.

मी मातीतून जांभळट-पांढरी सुई वर आलेली दिसेपर्यंत थांबते. ती दिसली की कुंडीच्या कडेने साधारण पाव लिटर, मग पाच-सहा दिवसांनी पुन्हा तेवढंच. दहा-बारा इंची कुंडीसाठी हे प्रमाण आहे. या दिवसांत वरचा एक इंच कोरडा आणि खाली किंचित गारवा, इतकंच हवं.

फुलावर पाणी पडलं तर?

पडू देऊ नका. एकेक फूल एकच दिवस टिकतं, दुसऱ्या दिवशी ओल्या टिश्यू पेपरसारखं लोळतं. गड्ड्याला आळीपाळीने कळ्या असतात म्हणून सोहळा दोन-तीन आठवडे चालतो. झारीने वरून पाणी घातलं की पाकळ्यांवर मातीचे शिंतोडे उडतात, पांढऱ्यावर लाल माती, झालं. शिवाय पाणी कळ्यांच्या जुडग्यात साचून न उमललेल्या कळ्या कुजतात.

वाटी किंवा लहान तांब्या घ्या आणि कुंडीच्या काठाला टेकवून ओता. मातीवर काथ्याचा पातळ थर किंवा वाळलेली आंब्याची पानं चुरून पसरली तर वळवाच्या पावसातही फुलं स्वच्छ राहतात.

फुलं संपली, पानं आली नाहीत. महिना झाला. मेलं का?

नाही. हा मधला काळ आहे आणि धीर सुटण्याचा तोच आहे. फुलं एप्रिलच्या मध्यावर संपली तर पानं कधी मेच्या शेवटी, कधी मृगाच्या पावसानंतर. लोक इथे घाबरतात आणि पाणी वाढवतात. मातीवर पान नसताना, एप्रिलच्या उकाड्यात, भिजलेली कुंडी. हिवाळ्यातल्या चुकीनंतरची ही दोन नंबरची.

आठवड्यातून एकदा पाव ते अर्धा लिटर, बस. वळवाची एखादी सर आली तर ती मिळू द्या, मेघगर्जनेसकट. त्या एका सरीनंतर चार-पाच दिवसांत पानाची गुंडाळी वर आलेली मी अनेकदा पाहिली आहे. नळाच्या पाण्याने तसं होत नाही, का ते माझ्यापुरतं मी हवेतल्या गारव्यावर आणि दमटपणावर ढकलून दिलं आहे.

पान फुटल्यावर पाणी किती?

आता मात्र हात सैल सोडा. गुंडाळलेली पानं उलगडायला लागली की हे झाड चांगलं पितं. आधी चमचाभर आणि आता भरपूर, हे विचित्र वाटतं खरं, पण तेच बरोबर आहे.

नियम एकच: वाफसा. शेतीशी संबंध असलेल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. मातीत ओल आहे पण चिखल नाही, पाणी आहे पण हवाही आहे, अशी जी स्थिती, ती वाफसा. कुंडीत दोन इंच खाली बोट घालून चिमूटभर माती काढा, मुठीत दाबा. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर फुटला, हाताला चिखल लागला नाही, म्हणजे वाफसा आहे, आज पाणी नको. गोळाच होत नाही, माती भुरभुरते, तर पाणी द्या. गोळा होऊन बोटांना चिकटला तर दोन दिवस कुंडीकडे फिरकू नका.

द्याल तेव्हा तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत द्या. दहा इंची कुंडीला साधारण एक लिटर लागतं, बारा इंचीला दीड-दोन. रोज कपभर शिंपडण्यापेक्षा चार दिवसांनी एकदा पोटभर चांगलं, कारण मणी खाली असतात. वरवरचं पाणी वरच्या दोन इंचांतच संपतं. आणि कुंडीखालच्या बशीत साचलेलं पाणी दहा मिनिटांनी फेकून द्या, ते ‘झाड पिईल हळूहळू’ म्हणून ठेवू नका.

पावसाळ्यात पाणी घालायचा प्रश्नच नाही ना?

गॅलरीत असेल तर आहे! स्लॅबखाली ठेवलेल्या कुंड्यांवर जुलैभर एक थेंब पडत नाही. बाहेर धो धो पाऊस, आपण खिडकीतून बघतोय, झाडांना पाणी घालायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही, आणि आतल्या बाजूची कुंडी तहानेने मरते. माझ्या परिचयातला एक भुईचाफा ऐन आषाढात वाळला. तो पाण्याअभावी गेला यावर घरातल्या कोणाचाही विश्वास बसेना.

पावसाळ्यात रोज माती बघा. कोरडी असली तर बाहेर पाऊस असला तरी पाणी द्या. जमलं तर कुंडी कठड्याजवळ सरकवा. पावसाचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा केव्हाही बरं.

आणि उघड्यावर असेल तर? आमच्याकडे सावंतवाडीला चार महिने थांबतच नाही.

कोकणात ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात ७०० च्या आसपास. तरी गंमत अशी की जमिनीत लावलेला भुईचाफा कोकणात जास्त सुखी असतो. कारण जांभ्याची माती. तीवर पडलेलं पाणी थांबत नाही, झिरपून जातं. नारळ-पोफळीच्या सावलीत, उतारावर, पाचोळ्याखाली लावला की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. याचं मूळ घर तेच: पानगळीच्या रानातली झाडांखालची जमीन. वसंतात वरची झाडं ओकीबोकी, खाली ऊन येतं, फूल उमलतं. पावसाळ्यात वर पानांचं छत आणि खाली भुईचाफ्याची पानं. हिवाळा-उन्हाळा कोरडा. सगळं त्या रानाच्या वेळापत्रकाने चालतं.

खरा त्रास देशावरच्या काळ्या मातीत. ती पाणी धरून ठेवते, दोन दिवस ऊन पडलं तरी खाली चिकटच. तिथे सपाट वाफ्यात लावू नका. अर्धा-पाऊण फूट उंच गादीवाफा करा, काळी माती निम्मी, उरलेल्यात जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत. सततच्या झडीत वाफ्याच्या बाजूने चर काढून पाणी बाहेर द्या. कुंडी उघड्या गच्चीवर असेल तर ती दोन विटांवर ठेवा म्हणजे तळाची भोकं मोकळी राहतील. विटा न ठेवता भोकं बुजली म्हणून गेलेल्या झाडांची यादी मोठी आहे.

श्रावणात पंधरा दिवस उघडीप पडली. पानांच्या कडा आत वळल्यात.

तहान. आजच संध्याकाळी पोटभर पाणी द्या, सकाळपर्यंत पानं पुन्हा सपाट होतील. हाच तो काळ, श्रावण ते हस्त, जेव्हा खाली मणी भरत असतात. इथे ताण बसला तर झाड मरत नाही, पण पुढच्या चैत्रात फुलं कमी. वर्षातला पाण्याचा सगळ्यात महत्त्वाचा महिना कोणता विचाराल तर मी भाद्रपद सांगेन. त्या वेळी सगळं घर गणपतीत असतं आणि कुंड्या कोणाला आठवत नाहीत ही वेगळी गोष्ट.

जुलैतच पानं पिवळी पडली. हे झोपायला निघालंय का?

नाही. नोव्हेंबरातलं पिवळं आणि जुलैतलं पिवळं यात फरक आहे. नोव्हेंबरात कडेपासून, हळूहळू, कोरडं होत जातं. जुलैत बुडापासून, पटकन, ओलसर पिवळं. पानाचा देठ बुडाशी धरून हलका ओढा. सुळकन हातात आला आणि टोकाला तपकिरी, बुळबुळीत असेल, वास येत असेल, तर कंदकूज लागली.

थांबू नका. झाड उपसा, माती झटका. मऊ मणी आणि गड्ड्याचा तपकिरी भाग स्वच्छ पात्याने कापा, आत पांढरं दिसेपर्यंत. बुरशीनाशक पावडर लावा, नाहीतर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी). पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत चार-पाच दिवस सुकवा. मग नव्या, कोरडसर मिश्रणात लावून छपराखाली ठेवा आणि आठवडाभर पाणी नको. निम्मे वाचतात. जुनी माती दुसऱ्या कुंडीला वापरू नका, विशेषतः आल्या-हळदीच्या.

माती मात्र हाताला कोरडी लागत असेल आणि बुडाशी देठ घट्ट असेल, तर तो पिवळेपणा तहानेचा किंवा कडक उन्हाचा. सावलीत न्या, पाणी द्या.

पानांची टोकं करपतात, कुंडीच्या कडेला पांढरा थर धरलाय.

बोअरचं पाणी. क्षार साठलेत. पावसाळ्यात दोन-तीन दिवस कुंडी भर पावसात ठेवा, क्षार धुऊन जातील. एरवी पिंपात गच्चीचं पाणी साठवता येत असेल तर ते वापरा. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी झाडांना घालण्याची सध्या फॅशन आहे. तुमचं मूळ पाणीच जड असेल तर त्यात क्षार आणखी दाटलेले असतात, ते लादी पुसायला ठेवा. एसीचं पाणी चालतं, ते क्षारांशिवायचंच असतं, फक्त बादलीत साठवून हवेच्या तापमानाला येऊ द्या.

तांदळाचं धुवण?

जून ते सप्टेंबर, पंधरा दिवसांतून एकदा, पातळ करून. झोपेच्या काळात चुकूनही नाही. पिठूळ पाणी मातीत आंबतं, मुंग्या येतात.

सोनटक्का मोरीच्या पाण्यावर जोमात वाढतो. तोही याच कुळातला ना?

कूळ एक, संसार वेगळा. सोनटक्का पाणथळ जागेचा, ओढ्याकाठचा. त्याला मोरीचा प्रवाह आवडतो. त्याच जागी भुईचाफा लावलात तर दुसरा वसंत बघायला मिळणार नाही. शेजारी लावायचेच असतील तर सोनटक्का खालच्या अंगाला, भुईचाफा वरच्या.

अवकाळी पाऊस आला तर?

कुंडी असेल तर उचलून आत. जमिनीत असेल तर त्या जागेवर कौल किंवा पत्र्याचा तुकडा तिरका टेकवा. एखादी सर पडली म्हणून काही होत नाही. जानेवारीत तीन दिवस सलग रिपरिप आणि वर ढगाळ हवा, तर पाचोळ्याचा थर बाजूला सारून मातीला वारा लागू द्या.

सोसायटीच्या बागेत लावलाय. माळी रोज पाइप फिरवतो. काय करू?

हा खरा कठीण प्रश्न. माळीकाकांच्या दृष्टीने मोकळी माती म्हणजे पाणी राहून गेलेली माती. मी आमच्याकडे नोव्हेंबरात त्या जागेवर मातीची कुंडी पालथी घालून ठेवायला सुरुवात केली. पाटी लावून बघितली होती, ती दोन दिवसांत कोणीतरी क्रिकेटचा स्टंप म्हणून नेली. पालथी कुंडी कोणी नेत नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर ती काढायची. विसरलात तर आत फूल उमलून वाळून जातं, मला एकदा वासावरून कळलं.

ठिबक किंवा तुषार सिंचन टायमरवर असेल तर त्या भागाचा नळ वेगळा करून घ्या, किंवा झाडच दुसरीकडे न्या.

मे महिन्यात पंधरा दिवस गावाला जातोय.

खुशाल जा. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी अर्धा लिटर, वर पाचोळा, कुंडी सावलीत. पानं फुटलेली असतील तर शेजारच्यांना एकदा पाणी घालायला सांगा. ‘रोज घाला’ म्हणू नका. एकदाच.

जागा बदलायची, गड्डे वेगळे करायचे. पाण्याचं काय?

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, कळ्या हलायच्या आधी करा. आदल्या दिवशी माती भिजवू नका. कोरड्या मातीतून मणी अखंड निघतात, ओल्या मातीत तुटतात. प्रत्येक तुकड्याला डोळा आणि तीन-चार मणी असू द्या. कापलेली बाजू दोन-तीन दिवस सावलीत सुकवा, मग दोन इंच खोल लावा, आणि सुई दिसेपर्यंत पाणी नाही. लावल्या लावल्या पाणी घालायची आपल्या हाताला सवय असते. हाताला समजवा. त्या वर्षी फुलं कमी येतील, ते पाण्यामुळे नव्हे.

मुलगी अमेरिकेत आहे. तिच्याकडे जमेल का?

ह्यूस्टनसारख्या उबदार ठिकाणी बाहेर जमतं. थंडीत गोठणाऱ्या गावात कुंडीतच, आणि शरदात पानं गेली की कुंडी घरात, कोरडी, अंधाऱ्या कोपऱ्यात. तिथे आपली नक्षत्रं चालणार नाहीत. बाहेर ऊब आली की पाणी सुरू, पान गेलं की बंद, एवढं पुरे. गड्डे इथून बॅगेत मातीसकट नेण्याचा विचारही करू नका, विमानतळावर काढून घेतात. तिथल्याच नर्सरीतून घ्यायला सांगा.

औषधी उपयोग?

त्यासाठी वैद्य आहेत. इथे फक्त पाण्याचं बोलू.

तीन वर्षं झाली, पानं झकास, फूल एकही नाही.

आधी मला सांगा, हिवाळ्यात पानं पूर्ण गळतात का? बहुतेकांचं उत्तर ‘नाही, दोन-तीन असतातच’ असं असतं. म्हणजे पाणी चालूच आहे. त्याला झोप मिळत नाही. यंदा दिवाळीपासून वर सांगितलं तसं पाणी कमी करत न्या आणि डिसेंबरात पूर्ण तोडा.

पानं व्यवस्थित गळत असतील तर बाकीच्या शक्यता: दाट सावली (सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन हवं), युरियासारखं नत्राचं खत जास्त, किंवा दर वर्षी उकरून गड्डे वाटण्याचा उत्साह. हे झाड जरा दाटीवाटीत खूश असतं.

फेब्रुवारी संपत आलाय. आत काही जिवंत आहे की नाही हे न उकरता कसं कळेल?

काडी खुपसू नका, कळीचं टोक मातीखाली अर्ध्या इंचावर असतं आणि ते एकदा मोडलं की या वर्षीचं फूल गेलं. कुंडीच्या अगदी काठाशी, भिंतीला लागून, बोटाने माती हळूच बाजूला करा. मुळं पसरून काठापर्यंत येतात, त्यामुळे एखादा मणी तिथे हाताला लागतोच. चिमटीत धरून दाबा. टणक लागला तर माती परत सारखी करा आणि हात धुवा.